ओळख मोबाइलवर झाली, चौकशी कोण करणार?

ऑनलाइन ओळखीतून जुळणाऱ्या लग्नांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आयांची पत्रं सर्वांत जास्त आली, त्याखालोखाल लग्नाळू मुलांची. ठाण्यातल्या एका वधू-वर सूचक केंद्रात मी बरीच वर्षं काम केलं, आता लग्नाआधीचं समुपदेशन करते. त्या अनुभवाच्या बळावर पाच पत्रांना उत्तरं देते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई, नमस्कार. माझी मुलगी 29 वर्षांची, हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. आम्ही स्थळं बघत होतो, ती प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढून टाळत होती. यंदा गणपतीत घरी आली तेव्हा तिने सांगितलं की एका मुलाशी दीड वर्षापासून ओळख आहे आणि लग्न त्याच्याशीच करायचं आहे. ओळख कुठे झाली, तर डेटिंग अ‍ॅपवर. मुलगा रायपूरचा, घरी हिंदी बोलतात, जातही वेगळी. जातीचं मी मनाला समजावेन, ह्यांनाही समजावेन. पण त्या घरातलं, त्या गावातलं कुणीही आमच्या माहितीतलं नाही. चौकशी करायची तर कुणाकडे? आणि नणंदेला, जावेला ‘अ‍ॅपवर भेटले’ हे सांगायचं कसं? — एक आई, डोंबिवली

नणंद-जावेचं आधी सांगते, म्हणजे ते बाजूला होईल. आहे ते सांगा. ‘पुण्यात असतात दोघं, अ‍ॅपवर ओळख झाली, दीड वर्ष एकमेकांना भेटताहेत.’ आवाज न उतरवता सांगितलंत, तर ऐकणारा दोन मिनिटांत मुलाच्या नोकरीकडे वळतो. ‘कॉमन फ्रेंडकडे भेटले’ अशी गोष्ट रचलीत, तर ती साखरपुड्यापर्यंत सगळ्यांना पाठ करावी लागेल. शिवाय आईला आपली लाज वाटते आहे, हे मुलीला कळेल. ते तिला फार लागेल.

तुमचा खरा प्रश्न चौकशीचा आहे आणि तो अगदी रास्त आहे. आमच्या केंद्राच्या नोंदवहीत नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, पगार, अपेक्षा यांच्यानंतर एक अरुंद रकाना होता: ‘कोणाच्या ओळखीने’. त्यात कुणाचे मामा, कुणाचे शेजारी, कुणाचे बँकेतले साहेब अशी नावं असत. मुलाचं आधी एक लग्न मोडलं आहे किंवा पगार फुगवून सांगितला आहे, असं नंतर निघालं तर मुलीकडचे लोक पहिल्यांदा त्या मामांच्या दारात जायचे. मामांना पुढची अनेक वर्षं त्याच नात्यागोत्यात वावरायचं असायचं, म्हणून ते शब्द टाकताना विचार करायचे. अ‍ॅपच्या प्रोफाइलवर फोटो असतो, आवडीनिवडी असतात, रासही असते. हा रकाना नसतो.

परदेशातही हेच घडतं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत 2017 साली जमलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे 39 टक्के ऑनलाइन भेटली होती. मित्रमैत्रिणींनी गाठ घालून देण्याचं प्रमाण त्यामुळे उतरत गेलं. मध्यस्थ फक्त आपल्याकडचाच गेलेला नाही.

आता अ‍ॅप काय तपासतं ते पाहू, कारण मुली मला आत्मविश्वासाने सांगतात, ‘त्याची प्रोफाइल व्हेरिफाइड आहे.’ बहुतेक डेटिंग अ‍ॅपवरची ती खूण सेल्फी घेऊन दिली जाते. फोटोतला चेहरा आणि फोन धरणारा चेहरा एकच आहे, एवढंच त्यातून कळतं. तो अविवाहित आहे का, नोकरी खरी आहे का, डोक्यावर कर्ज किती, हे त्या खुणेच्या कक्षेत येत नाही. विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सदस्याची ओळखपत्रं घ्यावीत आणि संकेतस्थळ केवळ विवाहासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, हे स्पष्ट लिहावं, असं म्हटलं आहे. म्हणजे विवाह संकेतस्थळावर निदान ‘लग्न करायचं आहे’ हे गृहीत असतं. डेटिंग अ‍ॅपवर तेही प्रत्येकाला विचारून घ्यावं लागतं. पण स्वभावाची हमी दोन्हीकडे कुणी देत नाही.

मग ती मामांची जागा आता कुणी घ्यायची? आधी तुमच्या मुलीने, मग तुम्ही. आणि तिने अर्धं काम केलेलं आहे. आपल्या पद्धतीत चहा-पोहे, मग हॉटेलात तासभर, मग होकार कळवायचा. तेवढ्या वेळात मुलगा निर्व्यसनी आहे, एवढं ऐकायला मिळायचं आणि ते सगळेच सांगायचे. तुमच्या मुलीला दीड वर्षात जे दिसलं, ते कुठल्याही मध्यस्थाला दिसलं नसतं. ते तिच्याकडून ऐकून घ्या. उलटतपासणी नको, दोघी भाजी निवडत बसलात की विचारा. तो चिडला की काय करतो? बोलणं बंद करतो, की ओरडतो, की थोड्या वेळाने स्वतः फोन करतो? तू तापाने आजारी होतीस तेव्हा आला होता? पैसे कोण देतं आणि त्याचा हिशेब कसा होतो? त्याचे मित्र तुला माहीत आहेत का, त्यांच्यासमोर तो तुझ्याशी कसा वागतो? ज्या मुलीने माणूस खरंच पाहिला आहे, तिची उत्तरं लगेच येतात आणि त्यांत प्रसंग असतात. ‘तो खूप चांगला आहे गं’ एवढंच येत राहिलं, तर थोडं थांबायला हवं.

दीड वर्षातही सहसा दिसत नाही ते घर आणि कागद. त्याला एखाद्या रविवारी जेवायला बोलवा. पाहण्याचा कार्यक्रम करू नका, काका-काकूंची फौज नको. तुम्ही चौघं जेवा. वाढताना, पानं उचलताना माणूस पुष्कळ कळतो. मग तुम्ही दोघं रायपूरला जा. मुंबईहून थेट रेल्वे आहे, मुलाला आधी कळवून जा, दोन दिवस राहा. त्याच्या आईशी स्वयंपाकघरात बसून बोला, हिंदी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. लग्नानंतर ही मुलं कुठे राहणार, सुनेच्या नोकरीबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे, आई-वडील म्हातारपणी पुण्याला येणार का, हे मोकळेपणाने विचारा. आणि तुमच्या घराबद्दल तेवढंच मोकळेपणाने सांगा, कारण त्यांच्याकडेही तुमच्याबद्दल सांगणारं कुणी नाही.

कागदांचं त्या दोघांनीच एकमेकांत करावं. गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी यांची माहिती आणि पगाराची स्लिप एकमेकांना दाखवावी. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठीची रक्ततपासणी दोघांनी करावी. दोघंही वाहक निघाले तर मुलाला तीव्र आजार होण्याची शक्यता दर गरोदरपणात चारात एक असते आणि ते आधी कळलं तर डॉक्टरांकडे उपाय आहेत. दोघंही हिंदू असतील तर जात वेगळी असल्याने कायद्याने काही अडत नाही, हिंदू विवाह कायद्याने लग्न होतं.

एक गोष्ट मात्र करू नका. मुलीच्या नकळत गुप्तहेर लावू नका. हल्ली सर्रास चालतं. तिला कळेल त्या दिवशी ती तुम्हाला काही सांगणं बंद करेल आणि लग्नानंतर एखादी अडचण आली तर माहेरी फोन करायला कचरेल. जे विचारायचं ते तिला सांगून विचारा. मुलगा सरळ असेल तर त्यालाही बरं वाटेल.

ताई, मी तासगाव तालुक्यातला. वय 29, बीएस्सी अ‍ॅग्री, अडीच एकर द्राक्षबाग, बेदाणा करतो, घरी आई-वडील आणि आजी. चार वर्षं स्थळं बघतोय. विवाहाच्या वेबसाइटवर पैसे भरून नाव नोंदवलं, मैत्रीची अ‍ॅपं पण घेऊन बघितली. शेती म्हटलं की पुढं उत्तरच येत नाही. अपेक्षा काही जास्त नाहीत, आमच्यातलीच हवी आणि पहिल्या लग्नाची हवी एवढंच. आता मिरजेचा एक एजंट म्हणतोय की दीड लाख द्या, बाहेरच्या राज्यातली मुलगी आठ दिवसांत लग्न लावून देतो. घरचे तयार झालेत. काय करू? — एक शेतकरी

त्या एजंटला पैसे देऊ नका. या पत्रातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

असे व्यवहार कसे चालतात ते आपल्या जिल्ह्यातल्या बातम्यांतून तुम्ही वाचलं असेलच. मुलीची मावशी म्हणून कुणीतरी येतं, देवळात घाईने हार घातले जातात, पैसे हातात पडतात आणि थोड्याच दिवसांत मुलगी दागिन्यांसकट निघून जाते. चौकशी केली तर तीच मुलगी आधी दुसऱ्या तालुक्यात नवरी झालेली असते. याची दुसरी बाजू त्याहून वाईट आहे. कधी कधी ती मुलगी खरोखर फसवून, विकून आणलेली असते, आपण कुठे आलो हेही तिला माहीत नसतं. त्या दीड लाखातून तिला काय मिळतं? तुमच्या घरात असं माणूस यावं, असं तुम्हालाही वाटणार नाही. आई-वडिलांना हे वाचून दाखवा.

आता चार वर्षांचं. या चार वर्षांत तुम्ही स्वतःला कमी लेखायला लागला आहात, हे पत्रातून जाणवतं, म्हणून सांगते. तुमच्या वयाची मुलं 2001 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात मोजली गेली. तेव्हा महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. सांगली-कोल्हापूर या सधन जिल्ह्यांत तो आकडा साडेआठशेच्या आसपास होता. गर्भलिंग तपासणीविरुद्ध राज्याने 1988 मध्येच कायदा केला होता, तरी हे झालं. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्या आज तुमच्या वयाच्या असत्या. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून तरुण जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले, ते याच दुखण्यापायी. तुमच्या बागेचा किंवा तुमचा यात दोष नाही.

पण ज्या मुली आहेत त्या नाही का म्हणतात, हे ऐकून घ्यायला हवं. माझ्याकडे खेड्यातल्या मुली येतात. त्यांच्या नकारात ‘पुण्यात फ्लॅट’ हे वरचं कारण असतं. खाली गेलं की वेगळंच निघतं. आईला पहाटेपासून रात्रीपर्यंत राबताना पाहिलेलं असतं. घरच्या बागेत दिवसभर काम करूनही तिच्या हातात स्वतःचे पाचशे रुपये नसायचे. औषध फवारणी, मजुरांची भाकरी, पाहुणे, आजारी सासू, सगळं तिच्यावर. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. शिकलेली मुलगी हे आयुष्य पुन्हा का निवडेल?

तेव्हा प्रोफाइल तिच्या बाजूने लिहा. तुमचा सध्याचा मजकूर तुम्ही सोबत पाठवला आहे: ‘निर्व्यसनी, प्रगतशील शेतकरी, स्वतःची बाग, चारचाकी.’ त्यात तिच्यासाठी एकही ओळ नाही. घरापासून तासगाव किती लांब आहे, सांगलीला नोकरीला रोज जाता येईल का, ते लिहा. शेतात काम करणं तिच्या इच्छेवर असेल, केलं तर त्या कामाचे पैसे तिच्या खात्यात जातील, असं ठरवा, घरात मान्य करून घ्या आणि मगच लिहा. आजीचं कोण करतं, स्वयंपाकात तुम्ही काय करता, तेही लिहा. फोटो स्टुडिओतला आणि गाडीला टेकलेला काढून टाका. ऑक्टोबर छाटणीच्या वेळचा किंवा बेदाण्याच्या शेडवरचा, घामेजला असला तरी हसरा, असा एक टाका. मैत्रीच्या अ‍ॅपवर अंतर तीस किलोमीटर ठेवलंत, तर तालुक्यात दिसणाऱ्या बायका मोजक्याच असतील आणि ओळखीच्या भीतीने त्याही फोटो लपवतात. त्यापेक्षा विवाह संकेतस्थळावरच भर द्या. कृषी पदवीधर, परिचारिका, शिक्षिका, बँकेत काम करणाऱ्या मुलींना स्वतः दोन ओळी लिहून विचारा. सगळ्यांना एकच ‘इंटरेस्ट’ धाडणं थांबवा.

आणि त्या ‘एवढंच’ बद्दल. आमच्यातलीच हवी, पहिल्या लग्नाची हवी, या दोन अटींनी तुम्ही आधीच कमी असलेल्या मुलींमधून बहुतेक जणींना बाद केलं आहे. पंचविशीत लग्न मोडून माहेरी आलेल्या कितीतरी मुली तुमच्याच जिल्ह्यात आहेत. संसार म्हणजे काय ते त्यांनी पाहिलं आहे आणि चांगला माणूस मिळाला तर शेतीचं घर त्यांना परकं वाटणार नाही. आईशी याबद्दल तुम्हीच बोला. मला वाटतं, आजी आधी तयार होतील.

ताई, मी 31 वर्षांची, नाशिकला असते. अ‍ॅपवर एकजण भेटला, सहा महिने छान चाललंय. प्रोफाइलवर त्याने ‘घटस्फोटित’ लिहिलं होतं. आता म्हणतो की केस अजून चालू आहे, पण नुसती फॉर्मॅलिटी उरली आहे, आपण घरगुती लग्न करून घेऊ. विश्वास ठेवू का?

त्याच्या भावनांवर ठेवायचा की नाही हे तू ठरव. त्याच्या वैवाहिक स्थितीवर ठेवू नकोस. केस चालू आहे म्हणजे तो आज विवाहित आहे. या काळात केलेलं लग्न कायद्याने अवैध ठरतं, त्याच्यासाठी तो गुन्हा आहे आणि तुला पत्नी म्हणून उभं राहायला जागा उरत नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत बघितल्याशिवाय तारीख धरू नकोस. हुकूमनामा झाल्यावरही अपिलाची मुदत असते, हिंदू विवाह कायद्याखाली ती 90 दिवसांची आहे. ती उलटू दे किंवा अपील झालं असेल तर त्याचा निकाल लागू दे. त्याच्याकडे केस नंबर माग. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पुढची तारीख, टप्पा दिसतो. परस्पर संमतीचा अर्ज असेल तर ‘फॉर्मॅलिटी’ म्हणणं एकवेळ समजू शकते. बायको लढत असेल, तर वर्षं जातात. सहा महिने त्याने हे का सांगितलं नाही, याचं उत्तर मात्र तुला समोरासमोर मिळालं पाहिजे, मेसेजवर नाही.

मी नागपूरची, वय 41, घटस्फोटित, मुलगा नववीत. विवाहाच्या साइटवर एका मराठी गृहस्थांशी ओळख झाली, ते लंडनला जहाज कंपनीत इंजिनिअर आहेत. तीन महिने रोज बोलतो. त्यांनी माझ्या मुलासाठी लॅपटॉप आणि मला दागिने पाठवले, ते पार्सल दिल्लीला कस्टममध्ये अडकलं. तिथल्या बाईंचा फोन आला, मी 38,000 भरले. आता त्या म्हणतात की पार्सलमध्ये परकीय चलन सापडलं, अजून 90,000 भरा नाहीतर केस होईल. त्यांच्याशी व्हिडिओ कॉल कधी झालेला नाही, जहाजावर नेट नसतं म्हणतात. मी कुणालाच सांगितलेलं नाही.

बाई, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला उत्तर पाठवलं आहे. इथे छापते आहे ते अशाच फोनची वाट बघत बसलेल्या दुसऱ्या कुणासाठी.

आणखी एक रुपयाही भरू नका. पार्सल नाही, कस्टमच्या बाई नाहीत आणि लंडनचे गृहस्थही नाहीत. ही ठरलेली पद्धत आहे आणि देशभर हजारो लोक तिच्यात सापडले आहेत. आधी रोजचं बोलणं, मग भेटवस्तू, मग विमानतळावरचा फोन, मग दंडाची भीती. हे सगळे आवाज एकाच टोळीचे असतात. सीमाशुल्क विभाग कुणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर पैसे भरायला सांगत नाही.

आता लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, कोणत्या खात्यात पैसे गेले हे हाताशी ठेवा. पैसे पुढे सरकण्याआधी ते खातं गोठवता आलं तर रक्कम परत मिळण्याची आशा असते, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आपल्या बँकेला कळवा. चॅट पुसू नका. फोन नंबर, प्रोफाइल, व्हॉइस मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच ब्लॉक करा. संकेतस्थळाकडेही ती प्रोफाइल कळवा, तो माणूस आज आणखी कुणाशीतरी बोलत असणार. तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी फोटो पाठवले असतील आणि त्यावरून धमकी आली, तरी पैसे देऊ नका. दिल्याने धमकी थांबत नाही, वाढते. तेही तक्रारीत सांगा. पुढे ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे फोन येतील, ते याच साखळीतले असतात.

आणि कुणाला तरी सांगा. बहिणीला, शाळेतल्या मैत्रिणीला. एकटेपणी कुणी रोज ‘जेवलीस का’ विचारलं तर जीव लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याने त्या जीव लावण्याचा धंदा केला, लाज त्याला वाटायला हवी. तुमच्या मुलालाही त्याच्या वयाला समजेल असं सांगा. लॅपटॉप येणार होता, हे त्याला माहीत असेल.

पुढे पुन्हा शोध घ्यावासा वाटला तर जरूर घ्या. फक्त पहिल्या आठवडाभरात व्हिडिओवर बोलणं आणि शक्य तितक्या लवकर, गर्दीच्या जागी, दिवसा प्रत्यक्ष भेट हे दोन नियम धरा. जो माणूस महिनोन्महिने भेटू शकत नाही, त्याच्याशी महिनोन्महिने बोलू नका.

ताई, मी साताऱ्याची, वय 57. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी बंगळूरुला, मुलगा जर्मनीत. मुलीनेच हट्टाने माझं नाव ज्येष्ठांच्या पुनर्विवाहाच्या साइटवर घातलं. वाईच्या एका निवृत्त गृहस्थांचा साधा, सुंदर मेसेज आलाय. पंधरा दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही. मुलगा म्हणतो, या वयात कशाला? आणि पेन्शनचं, घराचं काय होईल, याचीही भीती वाटते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वर छापलं नाही: ‘संध्याकाळी सहा ते आठ फार अंगावर येतात.’ मुलाला हेच वाक्य सांगा. तो जर्मनीत आहे, त्याला तुमची सकाळची वेळ माहीत आहे, फोन तेव्हा होतो. सहा ते आठ त्याने पाहिलेले नाहीत. बहुतेक मुलांचा विरोध दोन भीतींतून येतो: बाबांची जागा जाईल आणि लोक काय म्हणतील. त्यातली पहिली खरी असते. तिच्याबद्दल त्याच्याशी हळुवार बोला, दुसरीवर वेळ घालवू नका.

पैशांचं तुम्ही आत्ताच विचारलंत, हे फार चांगलं केलंत. विधवेने पुनर्विवाह केला की कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं की बंद होतं, हे लागू असलेल्या नियमांवर ठरतं. तेव्हा लग्न करायचं ठरलं तर आधी निवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या आणि त्या रकमेशिवाय महिना कसा भागेल याचा हिशेब मांडा. लग्न लपवून पेन्शन घेत राहण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, वसुली होते आणि मनस्ताप वेगळा. पेन्शन जाईल या भीतीने अनेक ज्येष्ठ जोडपी लग्न न करता सोबत राहणं पत्करतात. त्यात मला गैर काही दिसत नाही, मात्र मुलांना माहीत असावं आणि आजारपणात निर्णय कोण घेणार, हे लिहून ठेवलेलं असावं.

घराबद्दल निर्धास्त राहा. यजमानांच्या पश्चात वारसाने तुमच्या नावावर आलेला हिस्सा पुनर्विवाह केला म्हणून काढून घेतला जात नाही. पण तुमच्यामागे मृत्युपत्र नसेल, तर दुसरे पतीही मुलांबरोबर तुमचे वारस ठरतात. पुढे भांडणं होतात ती इथेच. म्हणून तुम्ही मृत्युपत्र करा, त्यांनाही करायला सांगा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. त्या गृहस्थांनाही मुलं असतील, तर दोन्हीकडच्या मुलांना एकदा एकत्र फोनवर घेऊन हे सांगून टाकायचं.

पण हे सगळं नंतरचं. आधी त्या मेसेजला उत्तर द्या, पंधरा दिवस थांबलेल्या माणसाला ‘मिळाला, आवडला’ एवढं कळलं तरी पुरे. चार-पाच वेळा फोनवर बोलणं झालं की भेटा. वाईहून साताऱ्याला एसटीने यायला त्यांना फार वेळ लागायचा नाही. राजवाड्याजवळ सकाळी अकराच्या सुमाराला भेटा, शेजारणीला सांगून जा. ते वाईत कुठे राहतात, कुठून निवृत्त झाले, पत्नीला जाऊन किती वर्षं झाली, औषधं कोणती चालू आहेत, हे पहिल्याच भेटीत विचारलंत तरी तुमच्या वयात कुणी वावगं समजत नाही. वाई लहान आहे, तिथे तुमच्या यजमानांच्या ओळखीचे शिक्षक निघतील, त्यांच्याकडे शब्द टाका. आणि मुलाला त्या आठवड्यात फोनवर सांगा की रविवारी एकांना भेटायला जाते आहे. परवानगी मागू नका, फक्त सांगा.